कुणीच न जगलेलं वर्ष

माझ्या संगणकात एक वर्ष आहे,
कुणीच न जगलेलं.
त्याचा जानेवारी सत्त्याऐंशीचा, फेब्रुवारी दोन हजार चारचा,
मार्च कुठल्याशा मवाळ सालातून उचललेला.
बारा वेगळ्या वर्षांचे बारा महिने
आमच्याकडे चिंध्यांचं कुराक शिवतात तसे जोडलेले.
आठ हजार सातशे साठ ओळी, तासाला एक:
तापमान, दवबिंदू, वारा, उन्हाचा तिरपेपणा.
या वर्षात कुणी जन्मत नाही, कुणाचं लग्न ठरत नाही,
नुसत्या भिंती गार होतात
आणि पुन्हा तापतात.

रोज सकाळी मी त्यात एक शाळा उभी करते.
संध्याकाळपर्यंत ती गोठते.
भिंत जाड करते, खिडक्या दक्षिणेला नेते,
काचेचा दुसरा पदर, मग तिसरा.
हिवाळ्याला अकरा टन कोळसा. नऊ. सात.
सातावर आकडा बसतो
चढावर अडलेल्या गाढवासारखा.

वारा पश्चिमेचा, असं फाइल म्हणते.
पण फाइल नारीनच्या विमानतळाची,
आणि शाळा व्हायची ताश-कुदुकला,
दोन खिंडी ओलांडून, सहाशे मीटर वर.

म्हणून ऑक्टोबरात गेले.

हवामान चौकी म्हणजे चार पायांवरची पांढरी पेटी,
रंगाचे पोपडे सुटलेले,
आणि तिचा राखणदार जोल्चुबेक.
त्र्याण्णवपासून सहा वर्षं चौकी बंद होती,
असं बिश्केकच्या कचेरीत सांगितलं होतं.
ती भोकं मी शेजारच्या खोऱ्याने बुजवली होती.
तशी रीतच आहे, पुस्तकात दिलेली.

जोल्चुबेक काही बोलला नाही. ट्रंक उघडली.
लोकरीच्या हिशेबाच्या वह्या, मागच्या बाजूने वाचायच्या.
"पगार बंद झाला," म्हणाला,
"थंडी कुठे बंद झाली होती?"
दिवसातून तीनदा, शिसपेन्सिलीने.
एके ठिकाणी उणे एक्केचाळीस, आणि पुढे: घोडी गेली.
एके ठिकाणी आकडाच नाही: मुलगी झाली, रात्री पाहायचं राहिलं.
खाली, नंतर कधीतरी शाईने,
अंदाजे उणे अठरा.
माफी असावी.

वाऱ्याचं विचारलं तर त्याने बायकोला हाक मारली.
कानिशायने कपड्यांची दोरी दाखवली,
दोन्ही खांब एकाच अंगाला कललेले.
"पश्चिमेचा वारा तुमच्या विमानांना लागत असेल.
आमचा घळीतून उतरतो,
धारा काढायच्या वेळी."

धारा काढायची वेळ.
मी रकान्यात लिहिलं: अठरा वाजता, ईशान्य.

परत येऊन सहा वर्षं आत घातली.
मधले तास गणिताने भरले, ते लपवत नाही.
सत्त्याऐंशीचा जानेवारी गळून पडला,
त्या जागी पंचाण्णवचा येऊन बसला, घोडीसकट.
आणि कोळसा?
सातावरून साडेनऊ.
त्या रात्री मी जेवले नाही.
दुसऱ्या दिवशी दार फिरवलं,
घळीकडे पाठ करून,
पुढे एक अंधारी पडवी, दोन दारांच्या मधली.
साडेपाच.

दुसऱ्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला.
वाटलं, काहीतरी गळतंय.
म्हणाल्या, मुलं हातमोजे वर्गातच विसरून जातात,
एक खोकं भरलंय, काय करायचं त्यांचं?
जुन्या शाळेत कधी कुणी हातमोजे काढलेच नव्हते.

या जानेवारीत जोल्चुबेकचा निरोप:
पेटीपाशी चिखल आहे.
अधिक दोन.
अशी तारीख माझ्या एकाही वहीत नाही,
तुझ्या वर्षात सापडते का बघ.

नाही सापडत.
शाळेला आता उन्हाळ्यात सावली लागेल,
दक्षिणेच्या त्याच खिडक्यांना.
मी कुराकची शिवण उसवायला घेते.
सुरुवात कुठल्या महिन्यापासून करावी,
ते अजून ठरत नाही.